मैदा, अंडं, दूध न घालता: भुगा न होणारा पौष्टिक कॉर्नब्रेड

प्रश्न थोडक्यात असा आहे: अंडं, दूध, लोणी आणि मैदा यांतलं काहीही न वापरता घरी तीनदा कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या रव्याचा ब्रेड, केला. पहिल्यांदा सुरी लावताच त्याचा भुगा झाला. दुसऱ्यांदा कोरडा पडला आणि दाताखाली कचकच लागली. तिसऱ्यांदा पौष्टिक व्हावा म्हणून बेसन वाढवलं, तर कडवट झाला. कोणती पिठं घ्यावीत, किती घ्यावीत, आणि मुलांना नाश्त्याला पोटभरीचं म्हणून देता येईल असा हा ब्रेड होऊ शकतो का?

होऊ शकतो. मी बरीच वर्षं अंडं-दूध न घालता बेकिंग करते आणि शिकवते. हे तिन्ही दोष मी वर्गात इतक्यांदा पाहिलेत, की त्यांचं कारण खात्रीने सांगू शकते. पहिले दोन दोष पाण्याचे आहेत. मक्याच्या कणांना पाणी प्यायला वेळ मिळालेला नाही. तिसरा दोष प्रमाणाचा आणि बेसन कच्चं राहिल्याचा आहे. पिठं बदलत बसण्याआधी हे नीट समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं.

नेहमीच्या कॉर्नब्रेडमध्ये मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जाणारं जाळं तयार करतं, अंड्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होऊन ते जाळं पक्कं करतात आणि लोणी मऊपणा देतं. मक्यात ग्लूटेन नसतं. त्यातलं मुख्य प्रथिन झीन, आणि ते साध्या तापमानाला पाण्यात मळून लवचीक होत नाही. म्हणजे मैदा आणि अंडं काढून टाकलं की ब्रेडला धरून ठेवायला पिठातला स्टार्च तेवढा उरतो. स्टार्च फुलायला पाणी लागतं, उष्णता लागते, आणि फुगलेला स्टार्च घट्ट बसायला ब्रेड निवावा लागतो. या तिन्हींपैकी एक जरी कमी पडलं तरी भुगा ठरलेला.

आता मका. इथे नावांचा घोळ फार होतो, म्हणून थोडं थांबते. ‘कॉर्नफ्लोअर’ नावाने मिळणारी पांढरीशुभ्र, बोटांत करकरणारी पावडर हा नुसता स्टार्च असतो. सॉस दाट करायला तो ठीक, ब्रेडसाठी नाही. आपल्याला हवा तो पिवळा, हाताला बारीक वाळूसारखा लागणारा मक्याचा रवा. मक्याचं अगदी तलम पीठही मिळतं. ते एकटं वापरलं तर ब्रेड केकसारखा मऊ होतो, पण मक्याची ती रवाळ मजा जाते. मला मध्यम-बारीक रवा आवडतो. नुसता जाड रवा मिळाला तर मिक्सरमधून दोन-तीनदा फिरवून घ्यावा. पोलेंटा या मक्याच्या इटालियन लापशीसाठीचा भरड रवा तसाच घातला तर कितीही भिजवला तरी कचकच राहते. टॉर्टिलासाठी, म्हणजे मेक्सिकोतल्या मक्याच्या पोळीसाठी, मिळणारं मासा हारिना हे पीठ ही वेगळीच वस्तू आहे. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्याची चव आणि पाणी पिण्याची क्षमता दोन्ही वेगळी. त्याची अदलाबदल करू नका.

पौष्टिकपणा हवा असेल तर पाकिटावर ‘संपूर्ण धान्य’ लिहिलेलं आहे का, ते बघा. बऱ्याच रव्यांतून कोंडा आणि अंकुर काढून टाकलेला असतो, म्हणजे ते टिकायला चांगले, पण तंतू, तेल आणि जीवनसत्त्वांचा मोठा भाग गेलेला. संपूर्ण मक्याच्या रव्यात अंकुरातलं तेल असतं, त्यामुळे तो लवकर खवट होतो. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी वास घ्या. ताज्या रव्याला गोडसर वास येतो. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास आला तर तो रवा टाकून द्या. खवटपणा भाजल्याने जात नाही, उलट ओव्हनमधून अधिकच वर येतो.

आता भिजवणं. माझ्या मते या ब्रेडचं निम्मं यश यात आहे. मक्याचा दाणा कठीण असतो, आणि दळल्यावरही प्रत्येक कण बाहेरून ओला झाला तरी आतून कोरडाच राहतो. सगळं एकत्र ढवळून लगेच ओव्हनमध्ये घातलं तर ओव्हनमधल्या वीस-पंचवीस मिनिटांत हे कण आजूबाजूचं पाणी शोषून घेत राहतात. बाकीची पिठं कोरडी पडतात आणि कण मात्र अर्धवट कच्चे राहतात. म्हणूनच एकाच ब्रेडमध्ये कोरडेपणा आणि कचकच दोन्ही एकदम सापडतात. रवा लिंबू घालून आंबट केलेल्या सोया दुधात निदान अर्धा तास भिजवा. घाई असेल तर दूध वाफ येईपर्यंत गरम करून रव्यावर ओता, झाका आणि पंधरा मिनिटं ठेवा. अशा वेळी लिंबू मात्र नंतर, रवा कोमट झाल्यावर घाला. रात्रभर फ्रीजमध्ये भिजवलेला रवा सगळ्यात मऊ होतो आणि मक्याची गोडीही खुलते. मी सकाळी ब्रेड करायचा असला की रात्रीच भिजवून ठेवते.

पौष्टिकतेचं थोडं सविस्तर सांगते, कारण बेसनाकडे वळलात ती दिशा बरोबर होती. १०० ग्रॅम संपूर्ण मक्याच्या रव्यात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं असतात. आकडा वाईट नाही, पण झीनमध्ये लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक अमिनो आम्लं जवळजवळ नसतात. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अशा बांधलेल्या रूपात असतं, की शरीराला त्याचा फारसा उपयोग करून घेता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे गरिबांचं पोट मुख्यतः मक्यावर भरायचं, पेलाग्रा या रोगाने हजारो माणसं मेली. हा संसर्ग नसून आहारातल्या उणिवेचा रोग आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या आपल्या कामातून दाखवून दिलं. नायसिनचा त्याच्याशी असलेला संबंध १९३७ मध्ये कॉनराड एल्वेजेम यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाला. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मात्र हजारो वर्षं मका खाऊनही हा रोग असा पसरला नव्हता. तिथली माणसं मका चुन्याच्या पाण्यात शिजवत, त्यामुळे बांधलेलं नायसिन मोकळं होई, आणि सोबत घेवड्यासारखं कडधान्य खात. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या शेतीतही मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरले जात, त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणत. कॉर्नब्रेडचं मूळही याच लोकांच्या मक्याच्या भाकऱ्यांत आहे.

आज चौफेर जेवणाऱ्या माणसाला नाश्त्याच्या कॉर्नब्रेडने पेलाग्रा होणार नाही, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण मक्याला कडधान्याची सोबत हवी, ही गोष्ट मनावर घेण्यासारखी आहे. कडधान्यांत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन हे दुसरं आवश्यक अमिनो आम्ल कमी, धान्यांत नेमकं उलट. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. बेसनात १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. शिवाय बेसनाचा दुसरा फायदा क्वचितच कोणी सांगतं: त्यातली प्रथिनं उष्णतेने घट्ट होतात, म्हणजे अंड्याचं एक काम तेही थोडंफार करतं. जवसाची पूड कालवलेलं पाणी चिकट असतं, ओल धरून ठेवतं, कण एकत्र ठेवतं, पण अंड्यासारखं घट्ट होत नाही. म्हणून मी जवस आणि बेसन दोन्ही घालते, एकावर भागवत नाही.

कडवटपणा टाळायचा तर एकूण पिठाच्या पाचव्या भागाच्या वर बेसन नेऊ नका, आणि आधी ते कोरडंच मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजून घ्या. रंग बदलायची वाट बघू नका, खमंग वास सुटला की उतरवा आणि पूर्ण गार करून चाळा. कच्च्या बेसनाचा हिरवट वास ओव्हनमध्ये पूर्ण जात नाही, विशेषतः ब्रेडच्या मधल्या भागात, कारण तिथलं तापमान शंभर अंशांपर्यंतही पोचत नाही. आणि भाजण्याआधी मिश्रण चाखून बघू नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, शिवाय न भाजलेल्या मिश्रणात बेसनाची चव इतकी उग्र लागते, की उगाच साखर वाढवावीशी वाटते.

बाकी पिठांबद्दल माझं मत सांगते.

ओट्सचं पीठ मला मक्याचा सगळ्यात चांगला जोडीदार वाटतं. साधे ओट्स घरीच मिक्सरमध्ये बारीक केले की झालं. त्यातला बीटा-ग्लुकान हा विरघळणारा तंतू पाणी धरून ठेवतो, त्यामुळे ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. चव सौम्य आणि किंचित गोडसर, मक्याला झाकत नाही. फार घातलं तर मात्र आतून चिकट, ओलसर लागतं, त्यामुळे एकूण पिठाच्या चौथ्या भागाच्या आसपास थांबा. घरात कोणाला सिलिॲक आजार, म्हणजे ग्लूटेन न सोसण्याचा आजार, असेल तर ‘ग्लूटेनमुक्त’ असं प्रमाणित केलेलेच ओट्स घ्या. साध्या ओट्समध्ये गहू-जवाची भेसळ सर्रास असते.

ज्वारीचं पीठ चवीला शांत, पण कोरडं पडतं. ओट्सऐवजी वापरायचं असेल तर त्यासोबत एक मोठा चमचा टॅपिओका स्टार्च आणि दोन-तीन चमचे जास्त पाणी द्या. नाचणीत कॅल्शियम खूप, १०० ग्रॅमला साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम, पण रंग तपकिरी होतो आणि मक्याची चव दबते. मी २० ग्रॅमच्या वर घालत नाही. राजगिऱ्यात लायसिन चांगलं असतं, त्यामुळे बेसन आवडत नसणाऱ्यांना तो पर्याय आहे, फक्त त्याची मातकट चव थोड्या गोडासोबतच बरी लागते. बकव्हीट हे नावात ‘व्हीट’ असलं तरी गव्हाच्या कुळातलं नाही. रंग करडा येतो, चव खोल आणि छान. मिरची-कांदा घातलेल्या तिखट कॉर्नब्रेडमध्ये मला ते फार आवडतं. बदामाचं पीठ ब्रेड नाजूक करतं, पण वरून लवकर काळपट होतं, तेव्हा ओव्हन दहा-पंधरा अंशांनी कमी ठेवा. नारळाचं पीठ अफाट पाणी पितं. एखाद्या चमच्यापलीकडे त्याच्या वाटेला जाऊ नका, मापातलं पीठ काढून तेवढंच नारळाचं घालणं म्हणजे ब्रेडचा कोरडा भुसा. तांदळाचं पीठ मी इथे टाळते, कारण मक्याच्या रवाळपणात त्याचीही भर पडते.

सूर्यफुलाच्या बियांचं पीठ वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाचा खायच्या सोड्याशी संबंध आला की ब्रेड निवल्यावर आतून हिरवा होतो. माझ्याकडे शिकायला आलेल्या एकीने बुरशी समजून अख्खा ब्रेड फेकून दिला होता. तो खायला पूर्ण सुरक्षित असतो. निळ्या मक्याच्या पिठाचंही असंच: आंबटपणा जास्त असेल तर जांभळट-गुलाबी, सोडा जास्त झाला तर हिरवट-राखाडी.

आता माझं माप. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यासाठी मक्याचा रवा १६० ग्रॅम, ओट्सचं पीठ ७० ग्रॅम, भाजलेलं बेसन ४५ ग्रॅम. वजनकाटा असेल तर वापराच. ओट्सचं पीठ हलकं आणि रवा जड असल्यामुळे वाटीच्या मापाने दरवेळी वेगळा ब्रेड होतो. बिनसाखरेचं सोया दूध ३०० मिलिलिटर, त्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ४ छोटे चमचे. जवसाची ताजी पूड २ मोठे चमचे आणि पाणी ६ मोठे चमचे. तेल ६० मिलिलिटर, साखर किंवा बारीक चिरलेला गूळ ४० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा. इथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर, छोटा म्हणजे ५. प्राणिजन्य काहीच नको असेल, म्हणजे व्हीगन ब्रेड हवा असेल, तर मध चालत नाही, त्याऐवजी मेपल सिरप चालेल.

सोया दूधच का, तर त्यात प्रथिनं चांगली असतात आणि लिंबाने ते ताकासारखं दाटतं. बदामाचं किंवा तांदळाचं दूध चालतं, पण ते दाटत नाही आणि प्रथिनं अगदीच नगण्य. वरच्या मापाचे नऊ तुकडे केले तर एका तुकड्यात साधारण ५ ग्रॅम प्रथिनं येतात, आणि त्यातला मोठा वाटा बेसन आणि सोया दुधाचा असतो. कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं सोया दूध मिळत असेल तर तेच घ्या. बी-१२ या ब्रेडमधल्या दुसऱ्या कशातूनच मिळत नाही.

दुधात लिंबू घालून पाच मिनिटांनी त्यात रवा भिजवा. जवसाची पूड पाण्यात कालवून पंधरा मिनिटं ठेवा, चमचा उचलल्यावर तार सुटली पाहिजे. अख्खे जवस घालू नका, त्यांना नीट चिकटपणा सुटत नाही आणि ते न पचताच बाहेर पडतात. अर्ध्या तासाने रव्यात जवस, तेल आणि साखर घालून ढवळा. ओट्सचं पीठ, बेसन, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र चाळून त्यात घाला. सोड्याची एकही गुठळी राहू देऊ नका, जिथे ती राहते तिथे साबणासारखी चव आणि तपकिरी डाग येतो. मैद्याचा ब्रेड जास्त ढवळला की चिवट होतो, इथे ती भीती नाही, त्यामुळे गुठळ्या मोडेपर्यंत निश्चिंत ढवळा. मिश्रण पळीवाढं हवं, म्हणजे पळीतून एकसंध पडेल आणि साच्यात आपोआप पसरेल. दाट वाटलं तर दोन चमचे दूध घाला. मैद्याच्या मिश्रणाची सवय असलेल्यांना हे पातळच वाटतं. ते तसंच असू द्या.

या क्षणापासून उशीर नको. सोडा आणि लिंबू भेटताक्षणी बुडबुडे सुटायला लागतात आणि ठेवून दिलं तर ते वाया जातात. त्यामुळे पिठं मिसळण्याआधीच ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापलेला हवा. बिडाचा तवा किंवा कढई असेल तर तीही ओव्हनमध्येच तापवा, बाहेर काढून एक चमचा तेल फिरवा आणि त्यात मिश्रण ओता. चर्र आवाज आला पाहिजे. तळाशी जो खमंग, कुरकुरीत पापुद्रा येतो तो साध्या साच्यात येत नाही. बाईस ते अठ्ठावीस मिनिटं लागतात. कडा साच्यापासून सुटल्या, वर सोनेरी रंग आला आणि मध्ये घातलेली सुरी कोरडी निघाली की झालं. अन्नाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९३ ते ९६ अंश बघा.

आणि मग थांबा. पहिल्यांदा झालेल्या भुग्यात पाण्यासोबत याचाही हात असावा. गरम ब्रेडमधला स्टार्च अजून मऊ जेलीसारखा असतो, निवताना तो बसतो. ग्लूटेन असलेला ब्रेड गरम कापला तरी कसाबसा तग धरतो, हा धरत नाही. साच्यात वीस मिनिटं, जाळीवर आणखी वीस-पंचवीस मिनिटं, मग दातेरी सुरीने कापा. डब्यात देण्यासाठी अगदी घट्ट, न सांडणारे तुकडे हवे असतील तर कोरड्या पिठात एक छोटा चमचा इसबगोल घाला. त्याहून जास्त घातलं तर रबरी लागतं.

यात भर घालायची तर मक्याचे उकडलेले दाणे पाऊण वाटी, पाणी पूर्ण टिपून. किसलेला लाल भोपळा घातलात तर दूध ४० मिलिलिटरने कमी करा, कारण भोपळा ओव्हनमध्ये पाणी सोडतो. तेलाऐवजी केळं किंवा सफरचंदाचा गर घालण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. निम्म्यापर्यंत ठीक आहे, पण पूर्ण तेल काढलं तर ब्रेड दमट आणि जड होतो. मी तसं करत नाही. जवस आणि थोडं चांगलं तेल मुलांच्या पोटात गेलेलं मला बरंच वाटतं.

साखर कमी करायची असेल तर ४० ग्रॅमवरून २० वर बेलाशक या. पूर्ण काढली तर रंग फिका येतो आणि ब्रेड लवकर सुकतो, साखर ओलही धरून ठेवते.

एवढं करूनही मधोमध खड्डा पडला तर ओव्हनचं दार लवकर उघडलं गेलं आहे किंवा बेकिंग पावडर जुनी आहे. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा, जोरात फसफसली नाही तर नवीन आणा. मध्ये ओला आणि कडेला करपलेला असेल तर ओव्हन जास्त तापतोय, १९० वर उतरून पाच-सात मिनिटं वाढवा.

पहिल्या दिवशी झाकून बाहेर ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो. उरलेले तुकडे पूर्ण निवल्यावर एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन महिने छान राहतात. खायच्या वेळी पाण्याचा हलका हबका मारून, झाकून १७० अंशांवर आठ-दहा मिनिटं गरम करा. शेवटची दोन मिनिटं झाकण काढलं की वरची कड पुन्हा कुरकुरीत होते.